करदोड्याची गाठ

आमच्या घरी नरक चतुर्दशीच्या आंघोळीआधी पुरुषांनी नवा करदोडा बांधायचा असा रिवाज आहे. काळा गोफ आई स्वतः कापून देते. टेप वगैरे काही नाही, तिचं माप हातात असतं. मागच्या दिवाळीला तिनं दिलेला गोफ मला चार बोटं कमी पडला. पोट आत ओढून पाहिलं, श्वास रोखून पाहिला, पण दोन टोकं काही भेटेनात. आईनं मुकाट्यानं दुसरा कापून दिला. संध्याकाळी फराळाची ताटं भरताना मात्र सहज बोलल्यासारखं बोलली, "तुझ्या बाबांचाही असाच कमी पडला होता. शेवटच्या दिवाळीला."

बाबा चोपन्नाव्या वर्षी गेले. हार्ट अटॅक. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. त्या दिवशी पुढची चकली खाल्ली नाही.

आठवडाभरात तपासण्या झाल्या. साखर काठावर, कंबर ९८ सेंटिमीटर. वजन मात्र फार नाही, त्यामुळे आजवर कोणी 'जाडा' म्हटलं नव्हतं. हातपाय काडीसारखे आणि मधे माठ, अशी आमच्या घराण्याची ठेवण. पुण्याला असलेल्या भाच्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "मामाजी, हिट करा, हिट."

"कोणाले हिट करू बाप्पा?"

तो हसला आणि मग समजावून सांगितलं. हाय इंटेन्सिटी इंटरव्हल ट्रेनिंग. थोडा वेळ जीव तोडून, थोडा वेळ सावकाश, पुन्हा जीव तोडून. पोटावरची चरबी यानं उतरते म्हणे.

आता माझी एक वाईट खोड तुम्हा मंडळींना माहीतच आहे. डॉक्टरनं 'चाला' म्हटलं की आपण चालण्याचा इतिहास वाचायला बसतो. चपला कोपऱ्यातच राहतात. तर हे 'हिट' कुठून आलं आणि आमचं पोट कुठून आलं, हे शोधण्यात दोन महिने गेले. जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवतो. घरातली पुढची पिढी वाचेल, तिच्याही कंबरेला हाच गोफ आहे.

सुरुवात आबाजींपासून करतो. आबाजी म्हणजे बाबांचे वडील. दारव्ह्याजवळच्या खेड्यात वाढले, तरुणपणी आखाड्यात रमले. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींमधली मला सगळ्यात नवल वाटणारी गोष्ट ही, की त्यांच्या आखाड्यात पोट कमी करायला कोणीच येत नसे. सगळे यायचे ते अंग भरायला. पोट सुटलेला माणूस गावात एखादाच, आणि तो सावकार. सुटलेलं पोट म्हणजे घरात कणगी भरलेली असल्याची खूण.

हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं. आपला जिल्हा इंग्रजांच्या कागदात आधी 'वून' म्हणजे वणी जिल्हा होता, १९०५ साली त्याचं नाव यवतमाळ झालं. त्याच्या पाचसहा वर्षं आधी, १८९९-१९०० साली, वऱ्हाडानं मोठा दुष्काळ पाहिला. त्याआधी १८९६-९७ चा होताच. कापूस पिकवणारा मुलुख, हातात पैसा खेळता असेल तर धान्य विकत, नसेल तर उपास. आबाजींच्या वडिलांनी लहानपणी तो दुष्काळ काढला. त्यांच्याबद्दल एवढंच सांगायचे की म्हातारपणीही ते ताटातलं शेवटचं शीत बोटानं टिपून घेत. अशा घरातलं पोरगं आखाड्यात गेलं तर ते दंड-मांड्या कमवायलाच जाणार.

तो काळही तसाच होता. अमरावतीला १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी जो हनुमान आखाडा काढला, त्याचंच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालं. त्यांच्या उन्हाळी वर्गांना लांबून लांबून मुलं यायची आणि शिकून परत जाऊन आपापल्या गावी तालमी काढायची. आबाजी १९३५ च्या उन्हाळ्यात तिथे जाऊन आले. लाठी, लेझीम, मलखांब, जोर, बैठका. इकडे साताऱ्याकडे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेऊन बसले होते. गंमत म्हणजे ते आधी दहा वर्षं युजेन सँडोच्या पद्धतीनं व्यायाम करत होते आणि १९०८ च्या सुमारास नमस्कारांकडे वळले. संस्थानातल्या शाळांमध्ये नमस्कार लावले, १९२८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. म्हणजे 'देशी विरुद्ध विदेशी' अशी जी भिंत आपण उभी करतो, ती त्या लोकांच्या डोक्यात फारशी नव्हती. जे अंगी लागतं ते करायचं.

आबाजी जोर मारायचे ते 'दमात'. एका दमात पंचवीस, मग उभं राहून अंग झटकायचं, तांबडी माती खांद्याला चोळायची, श्वास खाली आला की पुढचा दम. कुस्तीचंही तसंच. पकड लागली की काही क्षण सगळा जीव तिथे, मग सुटका, दोन पावलं मागे, पुन्हा भिडायचं. भाच्यानं 'इंटरव्हल' म्हणून जे सांगितलं, ते ऐकताना मला हेच दिसलं.

इथे माझ्या मनात लगेच ते सुप्रसिद्ध वाक्य आलं: आमच्याकडे हे आधीपासूनच होतं! पण थांबलो. आखाड्यात दम होते हे खरं. पण किती सेकंद काम, किती सेकंद विसावा, हृदयाचे ठोके किती, याची नोंद कोणी ठेवली नव्हती, आणि पोटाशी त्याचा काय संबंध हे कोणी विचारलंही नव्हतं. त्यांना विचारायची गरज नव्हती. ज्यानं प्रश्न विचारला आणि मोजलं, श्रेय त्याचं.

मोजणारे होते जर्मनीत. १९३० च्या दशकात वोल्डेमार गेर्शलर नावाचा धावण्याचा प्रशिक्षक आणि हान्स राइंडेल नावाचा हृदयाचा डॉक्टर एकत्र आले. धावपटूला जोरात पळवायचं, ठोके मिनिटाला १८० च्या घरात न्यायचे, मग थांबवायचं आणि ते १२० वर येईपर्यंत वाट बघायची. दीड मिनिटात आले नाहीत तर आजचं पळणं जास्त झालं असं समजायचं. त्यांचं म्हणणं होतं की हृदय घडतं ते या विसाव्यात. म्हणून 'इंटरव्हल' हे नाव पळण्याचं नाहीच, ते मधल्या विसाव्याचं आहे! मला हे फार आवडलं. गेर्शलरचा चेला रुडॉल्फ हार्बिग. त्यानं १९३९ च्या जुलैमध्ये मिलानला ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत पळून विक्रम केला आणि तो सोळा वर्षं टिकला. बिचारा हार्बिग स्वतः तेवढा टिकला नाही. १९४४ साली युद्धात मारला गेला.

आणि हे वाचताना एक योग सापडला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या आपल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला गेलं होतं. कबड्डी आणि इतर देशी खेळ-व्यायामांची प्रात्यक्षिकं त्यांनी तिथे करून दाखवली. आबाजींना ज्यांनी शिकवलं त्यांच्या संस्थेचं पथक! आणि त्याच ऑलिंपिकमध्ये हार्बिग जर्मनीच्या ४ x ४०० रिलेमध्ये पळाला, ब्राँझ मिळालं. एकाच गावात, एकाच उन्हाळ्यात, दमात व्यायाम करणारे आणि दम मोजणारे. त्यांनी एकमेकांना पाहिलं असेल असं मी म्हणत नाही. पण मला ते चित्र डोळ्यांसमोरून हलवता येत नाही.

पुढचं भराभर सांगतो. १९५२ साली हेलसिंकीला एमिल झाटोपेकनं पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं घेतली. चारशे मीटरचे तुकडे पुन्हा पुन्हा पळायचे, ही त्याची तयारी. (त्याच हेलसिंकीत आपल्या कराडकडच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्राँझ आणलं, ते आपण विसरायचं नाही.) मग १९९६ साली जपानच्या इझुमी ताबाता यांचा निबंध आला. २० सेकंद जीव तोडून सायकल, १० सेकंद विसावा, असे सातआठ वेळा. एकूण चार मिनिटांच्या आसपास. सहा आठवड्यांत दम आणि ताकद दोन्ही वाढलं. ही पद्धत मुळात स्केटिंगचे प्रशिक्षक इरिसावा कोइची यांची. 'ताबाता' नाव घेऊन आज जिममध्ये पोट उतरवण्याच्या जाहिराती लागतात, पण त्या अभ्यासात पोटाची चरबी मोजलेलीच नाही. ते सगळे खेळणारे, सडपातळ तरुण होते.

मग पोटाचं कोणी मोजलं?

पोटाची गोष्ट वेगळ्या वाटेनं येते. १९४७ साली मार्सेयच्या झाँ वाग या डॉक्टरांनी दाखवलं की चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे आहे हे महत्त्वाचं. कंबरेच्या वर साठणारी, पुरुषी ठेवणीची चरबी मधुमेह आणि हृदयविकाराशी जोडलेली. त्या वेळी फारसं कोणी लक्ष दिलं नाही. १९५३ मध्ये लंडनमध्ये जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी दुमजली बसवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी. तीन वर्षांनी त्यांनी आणखी एक गमतीदार काम केलं: कंपनीनं दिलेल्या गणवेशाच्या पँटींच्या कंबरा पाहिल्या. ड्रायव्हरांच्या कंबरा मोठ्या! त्यातून उलटा प्रश्नही निघाला, की बसून जाड झाले, की मुळातच जाड असलेले बसायच्या कामाकडे गेले? खरा अभ्यास असाच असतो, एक गाठ सोडवली की दुसरी दिसते.

हे वाचलं आणि बाबा आठवले. बाबा जिनिंगमध्ये दिवाणजी होते. कापसाच्या हंगामात गाड्यांच्या रांगा लागायच्या. बाबा गादीवर बसून काट्याची नोंद करायचे, आणि हमाल मंडळी दिवसभर ओझी वाहायची. काट्यावर बाबांच्या शेजारी उभे राहणारे एक हमालकाका होते, बाबांच्याच वयाचे. ते आज पंचाऐंशीच्या पुढे आहेत, पाठीत वाकलेत पण चालतात. बाबा गेले तेव्हा त्यांनी खांदा दिला. दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. हमालीनं मोडलेल्या पाठीही याच गावात पुष्कळ आहेत. पण मॉरिसच्या लंडनच्या बसमध्ये मला आमची जिनिंग दिसली, त्याला काय करू.

आणखी एक कोडं राहत होतं. बाबा जाडे कधीच नव्हते. मग?

याचं उत्तर पुण्यात होतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांची उंची-वजनाची तुलना, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा: २२.३. पण यंत्रात मोजल्यावर युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दोघंही दिसायला बारीक! आपल्या लोकांच्या सडपातळ अंगात चरबी लपून बसते, ती अशी. म्हणून आपल्याकडे पुरुषांची धोक्याची कंबर ९० सेंटिमीटर धरतात आणि बीएमआय २३ झाला तरी जास्त वजन म्हणतात.

डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भार बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र त्या मानानं टिकून राहिलेली. आईच्या पोटात कमी मिळालं की बाळाचं शरीर काटकसर करतं, स्नायूंवर खर्च कमी आणि चरबीची पुरचुंडी आधी बांधून ठेवतं, असा एक विचार त्यामागे आहे. मग पुढे बसायचं काम आणि पोटभर जेवण मिळालं, की त्या पुरचुंडीची पिशवी होते.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. शीत टिपून घेणारे पणजोबा आठवले. पणजोबांच्या दुष्काळापासून बाबांच्या पोटापर्यंत सरळ रेघ ओढता येईल असा दावा मी करत नाही. पण उपास आणि सुटलेलं पोट या दोन उलट गोष्टी आहेत असं मी आजवर समजत होतो, ते चुकीचं होतं एवढं नक्की. आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर गेलं ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. अशा ठिकाणी बसून आपल्या पोटावर लिहायची मला लाज वाटत होती. आता वाटतं, ही एकाच घराची गोष्ट आहे. आधीची पानं भुकेची, नंतरची पोटाची.

आता भाच्याच्या 'हिट'कडे. त्याचा दावा पोकळ नव्हता. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात हेदारी, फ्रॉइंड आणि बाउचर यांनी २०१२ साली एक अभ्यास छापला. जास्त वजनाचे, व्यायाम न करणारे ४६ पुरुष, वय पंचविशीच्या आसपास. काहींना तसंच ठेवलं, बाकीच्यांना बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं सायकलवर बसवलं. आठ सेकंद जोरात, बारा सेकंद हळू. हिशोब करा, वीस मिनिटांत असे साठ फेरे, म्हणजे खरी मेहनत आठच मिनिटं. बारा आठवड्यांनी वजन दीडच किलो उतरलं, पण चरबी दोन किलो गेली, आणि पोटाच्या आत अवयवांभोवती साठणारी, सगळ्यात वाईट चरबी १७ टक्क्यांनी कमी झाली. काट्यावर जे दिसलं नसतं ते कंबरेत घडलं.

पण यापुढचं भाच्यानं सांगितलं नव्हतं. नंतर असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दिसलं की सावकाश, सलग व्यायामानंही चरबी जवळपास तेवढीच उतरते, दमादमाचा फायदा मुख्यतः वेळेत: सुमारे ४० टक्के कमी वेळ. म्हणजे ज्याला वेळ आहे त्यानं तास-तास चालावं, काही बिघडत नाही. आणि नुसत्या पोटाच्या व्यायामानं पोट जातं हेही खरं नाही. १९८४ च्या एका अभ्यासात पुरुषांनी २७ दिवसांत ५००४ सिट-अप काढल्या, तरी पोटाची चरबी इतर जागांपेक्षा जास्त हटली नाही. मुख्य म्हणजे सिडनीचे ते पुरुष पंचविशीतले होते. बावन्न वर्षांच्या, वडील हार्ट अटॅकनं गेलेल्या माणसानं उद्या सकाळी उठून जीव तोडून पळू नये. मी आधी स्ट्रेस टेस्ट करून घेतली. तुम्हीही घ्या, मोठेपणा करू नका.

मग मी काय केलं? यवतमाळ टेकड्यांवर वसलेलं गाव, चढ शोधायला लांब जावं लागत नाही. आधी महिनाभर नुसतं चाललो. मग डॉक्टरांच्या सांगण्यानुसार एक मिनिट झपाझपा चढ, दोन मिनिटं सावकाश उतार, असे आठ फेरे, आठवड्यातून तीनदा. पहिल्या दिवशी तिसऱ्या फेऱ्याला एका दगडावर बसलो. एक म्हातारबुवा बकऱ्या घेऊन चालले होते. म्हणाले, "काहून जी, कोणी मागं लागलं का?"

"पोट लागलं मागं."

"मंग पया," म्हणाले आणि निघून गेले.

रविवारी सकाळची तर्री-पोह्याची दुसरी प्लेट सोडली. तेवढं मात्र मोजून सांगतो, चढापेक्षा अवघड गेलं. चार महिन्यांनी कंबर ९४ झाली. वजन जेमतेम दीड किलो कमी. साखर काठावरून एक पाऊल मागे आली. नव्वद अजून लांब आहे, आणि हे सगळं व्यायामानं की दुसऱ्या प्लेटनं, ते मी सांगू शकत नाही. माझ्यावर काही अभ्यास चाललेला नाही.

बाबा गेले तेव्हा रिवाजाप्रमाणे त्यांचा करदोडा तोडला. मला आठवतं, तो कंबरेत रुतला होता, खाली वळ उठला होता. तेव्हा मी शाळेत होतो. त्या वळाचा अर्थ समजायला इतकी वर्षं लागली. बाबांना कोणी मोजलं नाही, कारण त्यांच्याकडे बघून मोजावंसं कोणाला वाटलंच नसतं.

परवा आईनं करदोडा पाहिला. सैल पडून खाली घसरत होता. तिनं बोटात धरून गाठ थोडी आवळून दिली आणि म्हणाली, "गोफ कापत नाही मी. राहू दे टोक लांब." का, ते मी विचारलं नाही. तिनं एकदा छोटा कापून पाहिला आहे, तिचा भरवसा बसायला वेळ लागेल.

असो. सकाळी चढावर जायचंय. माझ्या चुलतभावांनो, आतेभावांनो, हे वाचत असाल तर एक करा. वजनकाटा राहू द्या, घरात शिवणकामाची टेप असेल, ती घ्या आणि बेंबीवरून एकदा फिरवा. आकडा मला कळवला नाही तरी चालेल. आपल्या आयांना कळवा.